‘कूरा’: मेक्सिकोच्या गावपाद्र्याची पार्श्वभूमी

आपल्याकडचा ‘पाद्री’ पोर्तुगीज ‘पाद्रे’वरून आला. स्पॅनिशमध्येही धर्मगुरूला ‘पाद्रे’ अशीच हाक मारतात. पण गावच्या चर्चचा पाद्री म्हटला की तो ‘कूरा’. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ काळजी, निगा. नेमून दिलेल्या वस्तीच्या आत्म्यांची काळजी ज्याच्याकडे, तो कूरा. १५६३ मध्ये कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील धर्मसभेने त्याने आपल्या लोकांतच राहिले पाहिजे, असे बजावले.

मेक्सिको तेव्हा स्पेनच्या ताब्यात होता. तिथे सुरुवातीला फ्रान्सिस्कन, डोमिनिकन अशा संघांचे संन्यासी मूळ रहिवाशांच्या वस्त्या सांभाळत. १७४९ पासून स्पेनच्या राजाने त्या काढून बिशपच्या हाताखालच्या पाद्र्यांकडे देण्यास सुरुवात केली. बाप्तिस्मा, लग्न, दफन यांच्या नोंदी कूराच्या वहीत होत आणि त्याची दक्षिणाही तोच घेई. त्यावरून तंटेही होत. तरी अडल्यानडल्याला लोक त्याच्याच दारी जात.

मग राजाने चर्चलाच दुखावले. १७६७ मध्ये जेझुइट संघाच्या पाद्र्यांना हाकलले. १८०४ मध्ये चर्चने कर्जाऊ दिलेला पैसा वसूल करून स्पेनच्या तिजोरीत भरण्याचा हुकूम निघाला. तो पैसा शेतकरी-व्यापाऱ्यांकडे गुंतलेला असल्याने घाव सगळ्यांवरच बसला. दोलोरेस गावचे कूरा मिगेल इदाल्गो यांच्या स्वतःच्या जमिनीलाही झळ लागली. मला हा हुकूम फार महत्त्वाचा वाटतो. इदाल्गोंनी पुढे केलेल्या बंडाची कथा सांगताना त्यांनी वाजवलेली घंटा आठवते, हा हुकूम मात्र मागे राहतो.

इदाल्गो १८०३ मध्ये दोलोरेसला आले. त्यांनी तिथे कुंभारकामाचा कारखाना काढला, रेशमासाठी तुती लावली, द्राक्षे आणि मधमाश्याही आणल्या. १६ सप्टेंबर १८१० च्या पहाटे त्यांनी चर्चची घंटा वाजवून लोकांना स्पॅनिश सत्तेविरुद्ध उभे केले, तेव्हा गाव एका ओळखीच्या माणसामागे निघाले. डिसेंबरात त्यांनी ग्वादालाहारा शहरातून गुलामगिरी रद्द केल्याचे जाहीर केले. पुढे ते पकडले गेले, त्यांचे पाद्रीपद काढून घेण्यात आले आणि ३० जुलै १८११ रोजी त्यांना गोळ्या घातल्या. लढा पुढे नेणारे होसे मारिया मोरेलोस हेही कूराच. १८१५ मध्ये त्यांचाही शेवट तसाच झाला.

इदाल्गोंना मेक्सिको राष्ट्रपिता मानते. त्याच देशाच्या १९१७ च्या राज्यघटनेने मात्र पाद्र्यांचा मताधिकार नाकारला. तो त्यांना १९९२ मध्ये मिळाला. निवडणूक लढवण्याची बंदी तेव्हाही उठली नाही.