अंड्याचा सँडविच केक

दिसायला केक, खायला सँडविच असा हा थंड, तिखटमिठाचा पदार्थ. ब्रेडचे चार थर, मध्ये उकडलेल्या अंड्याचे सारण, बाहेरून चारही बाजूंनी पांढरा लेप आणि वर काकडी, मुळा, कोथिंबीर हे त्याचे सर्वसाधारण रूप. याला भट्टी लागत नाही. सुरी, चमचा आणि फ्रिज एवढ्यावर काम भागते.

हा पदार्थ मूळचा उत्तर युरोपातला. स्वीडनमध्ये त्याला ‘स्मोर्गोस्टोर्टा’ म्हणतात आणि वाढदिवस, लग्न, अगदी अंत्यविधीनंतरच्या जेवणातही तो मांडतात. ‘टोर्टा’ म्हणजे केक, ‘स्मोर्गोस’ म्हणजे लोणी लावलेला पाव. त्यातला ‘स्मोर’ म्हणजे लोणी आणि ‘गोस’ म्हणजे हंस. घुसळताना वर तरंगणाऱ्या लोण्याच्या गोळ्यांना तिकडे हंस म्हणत, असे सांगतात. ताक करणाऱ्या कुणालाही ही उपमा पटावी. तिकडच्या केकात अंड्याबरोबर कोळंबी, सामन मासा आणि शेपूसारखी डिल ही पालेभाजी असते. फिनलंड, एस्टोनिया आणि आइसलंड इथेही त्याची भावंडे आहेत.

सोलापुरात हा केक करायचा तर पाककृतीआधी हवामान बघावे लागते. एप्रिल-मेमध्ये इथला पारा चाळिशी ओलांडतो. शिजवलेले अंडे फ्रिजबाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास, असा अन्नसुरक्षेचा दंडक आहे. म्हणजे उन्हाळ्यात दुपारच्या कार्यक्रमाला हा केक मांडून पाहुण्यांची वाट बघत बसणे धोक्याचे. जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेचे, हुरड्याचे थंडीचे दिवस त्याला मानवतात. तेव्हाही पाहुणे बसल्यावरच तो बाहेर काढावा.

दुसरा प्रश्न लेपाचा. मूळ कृतीत मेयोनीज असते आणि पारंपरिक मेयोनीज कच्च्या अंड्याचे. कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर केरळने २०२३ मध्ये बंदी घातली, शेजारच्या तेलंगणाने २०२४ मध्ये आणि तमिळनाडूने २०२५ मध्ये. दुकानातले ‘व्हेज मेयो’ बिनअंड्याचे असते, पण बहुतेक वेळा गोडसर. त्यापेक्षा श्रीखंडासाठी करतो तसा चक्का चांगला. एक किलो दही पातळ फडक्यात बांधून रात्रभर टांगले की साधारण निम्म्याहून थोडा कमी चक्का मिळतो. मात्र ही पुरचुंडी ओट्यावरच्या नळाला नव्हे, फ्रिजमध्येच पातेल्यावर चाळणी ठेवून बांधावी. बाहेर ठेवल्यास सकाळपर्यंत दही इतके आंबते की पुढे कशानेच सावरत नाही.

सारण हा या केकाचा प्राण. दहा अंडी घ्यावीत, तीही आदल्या आठवड्यातली. ताज्या अंड्याचे कवच सोलताना पांढरे त्याला चिकटून निघते. अंडे शिळे होत जाते तसा त्यातला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि ते सोलायला सोपे होते. पाणी उकळल्यावर दहा मिनिटे मोजावीत आणि लगेच गार पाण्यात टाकावीत. जास्त उकळले तर बलकाभोवती हिरवट-करडे कडे धरते. पांढऱ्यातले गंधक आणि बलकातले लोह यांचे ते संयुग. अपायकारक नाही, पण कापल्यावर पिवळ्याधमक थरात ते कळकट दिसते. अंडी पूर्ण गार झाल्यावर जाड किसणीवर किसावीत. मिक्सरला लावली की लगदा होतो. त्यात चार-पाच चमचे चक्का, थोडे लोणी, मिरपूड, मीठ, मोहरीची पूड आणि बारीक चिरलेली कांद्याची पात. चमचा उलटा केला तर सारण पडू नये, इतके घट्ट हवे.

केक बिघडतो तो ओलीने. काकडीला मीठ लावून पिळून घेतली नाही तर तासाभरात खालचा ब्रेड भिजून चिखल होतो. टोमॅटो तर घालूच नये. म्हणून प्रत्येक स्लाइसला आधी कडेपर्यंत लोणी लावतात. ते चवीपेक्षा पाणी अडवायला असते. मधल्या थराला सोलापूरकडे आयता उपाय आहे: शेंगा चटणी. कुटताना सुटलेले शेंगदाण्याचे तेल तिला असतेच, पाणी मात्र नसते, त्यामुळे ती ब्रेड भिजवत नाही. चक्क्यात कालवून पातळ थर द्यावा. लसूण-मिरचीचा तिखटपणा अंड्याच्या मऊ चवीला असा भिडतो की मूळ कृतीतली डिल आठवत नाही. जास्त घातली तर अंडे हरवते, एवढेच.

रचना सोपी आहे. एका थराला चार स्लाइस, असे चार थर, म्हणजे सोळा स्लाइस. वरच्या थराचे सांधे खालच्या सांध्यांवर येऊ देऊ नयेत, विटांच्या भिंतीत देत नाहीत तसेच. एक अंड्याचा, एक चटणीचा, पुन्हा एक अंड्याचा असे तीन थर भरून ओल्या फडक्यात गुंडाळावे, वर हलके ताट ठेवून चार तास फ्रिजमध्ये दडपावे. लेप त्यानंतर. आधी लेप दिला तर दडपताना तो बाजूंनी फुगून येतो.

कापताना लांब सुरी दर तुकड्याला पुसावी, नाहीतर चटणीचा लाल ओघळ पांढऱ्या लेपावर पसरतो. वाढण्याआधी हा तिखट आहे आणि यात अंडे आहे, हे सांगून टाकावे. केक म्हटल्यावर जीभ गोडाला तयार असते. शिवाय श्रावणात, सोमवारी किंवा मुळातच अंडे न खाणारी माणसे पंगतीत असतात. त्यांच्यासाठी पनीर कुस्करून वेगळा केक वेगळ्या सुरीने करावा. पनीरात चिमूटभर पादेलोण घातले तर अंड्यासारखा वास येतो, पण ज्यांना अंडेच नको त्यांना तो वास कशाला हवा?

ब्रेडच्या कापलेल्या कडा टाकत नाहीत. मे महिन्यात गच्चीवर पसरल्या तर एका दुपारीत कडकडीत वाळतात. मग कुटून त्यांचा चुरा कटलेटला लावायला डब्यात भरून ठेवायचा.