हार्ड लिंक आली कुठून

परवा दादरच्या एका स्टुडिओवाल्या मित्राने विचारलं, अरे एकच फोटो दोन फोल्डरमध्ये दिसतो पण डिस्कवर जागा एकदाच खातो, हे काय नवीन आलंय? नवीन कसलं, हार्ड लिंक आहे ती, म्हणजे एकाच फाईलला दिलेलं आणखी एक नाव, युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टीमइतकीच जुनी.

गोष्ट १९६९ ची, युनिक्सच्या जन्माची. बेल लॅब्स ही अमेरिकेतली संशोधन संस्था तेव्हा मल्टिक्स नावाच्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या अवाढव्य प्रोजेक्टमधून बाहेर पडली होती, आणि केन थॉम्प्सन, डेनिस रिची, रड कॅनडे या मंडळींनी फाईल सिस्टीमची, म्हणजे डिस्कवर फाईली कशा ठेवायच्या याची, आखणी आधी कागदा-फळ्यावर केली, मग थॉम्प्सनने ती पीडीपी-७ या तेव्हाही जुन्या झालेल्या मशीनवर उतरवली. त्यातली खरी गंमत ही की फाईलचं नाव फाईलसोबत ठेवलंच नाही. साईज, परमिशन, डेटा कुठल्या ब्लॉकमध्ये पडलाय, हे सगळं आयनोड नावाच्या, नंबर दिलेल्या नोंदीत, आणि डिरेक्टरी (आजचं फोल्डर) म्हणजे नुसती नावं आणि त्यांच्यापुढे आयनोडचे नंबर. मग एकच नंबर दोन नावांपुढे लिहिला की झाली हार्ड लिंक, त्यासाठी वेगळं काही बनवावंच लागलं नाही. चाळीतल्या एका खोलीच्या दारावर तीन पाट्या असाव्यात तसं, खरी पाटी कुठली आणि कॉपी कुठली हे विचारण्यात अर्थ नाही, शेवटची पाटी उतरली की खोली रिकामी.

लोकांना वाटतं हा जागा वाचवायचा जुगाड आहे. पण पीडीपी-७ वर पाथ, म्हणजे फाईलचा फोल्डरमागून फोल्डर असा लिहिलेला पूर्ण पत्ता, हा प्रकारच नव्हता, दुसऱ्याच्या डिरेक्टरीतली फाईल हवी असली तर आधी तिची लिंक आपल्याकडे आणायची, म्हणजे लिंक हे रोजचं काम होतं. नोव्हेंबर १९७१ च्या पहिल्या युनिक्स मॅन्युअलमध्ये लिंक करायची एलएन (ln) कमांड आहेच. फाईलचं नाव बदलायचं तरी आधी नवीन लिंक, मग जुनी काढायची. एका झटक्यात नाव बदलणारा रिनेम हा सिस्टीम कॉल (प्रोग्रॅमने ऑपरेटिंग सिस्टीमकडे करायची मागणी) १९८३ च्या ४.२ बीएसडी या युनिक्सच्या आवृत्तीत आला. आणि डिलीट म्हणजे आजही अनलिंकच, आयनोडमधला नावांचा काउंट शून्यावर आला आणि फाईल कोणी उघडून बसलेलं नसलं की मगच ब्लॉक मोकळे होतात.

अडचणीही त्यातूनच आल्या. आयनोड नंबर त्या-त्या फाईल सिस्टीमपुरताच, म्हणून दुसऱ्या डिस्कवर हार्ड लिंक होत नाही, आणि डिरेक्टरीला केली तर गोल-गोल फिरायची भीती, म्हणून तेही बंद. या दोन्हींवर उपाय म्हणून सिम्बॉलिक लिंक आली, म्हणजे आयनोड नंबराऐवजी दुसऱ्या फाईलचा पाथ लिहून ठेवणारी फाईल, तीसुद्धा ४.२ बीएसडीतच.

विंडोजकडे एनटीएफएस ही फाईल सिस्टीम १९९३ पासून आहे आणि तिला हार्ड लिंक जमते, पण साध्या युजरच्या हातात लिंक करायची एमकेलिंक (mklink) कमांड आली ती विंडोज व्हिस्टात. फॅट या जुन्या फाईल सिस्टीममध्ये मात्र फाईलची माहिती नावाच्या नोंदीतच चिकटलेली, आयनोड नाहीच, त्यामुळे लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या फॅट ३२ वाल्या पेन ड्राईव्हवर हे होणार नाही, कितीही महाग घ्या.

डिरेक्टरीचा नियम मोडला ॲपलने. २००७ च्या लेपर्ड या मॅकच्या आवृत्तीत टाइम मशीन हा बॅकअपचा प्रोग्रॅम आला, त्यात जे फोल्डर बदललं नाही त्याची अख्खी हार्ड लिंकच टाकायची, म्हणून प्रत्येक बॅकअप पूर्ण दिसायचा आणि जागा थोडीच जायची. धाडसीच म्हणायचं. पुढे ॲपलच्या नव्या एपीएफएस या फाईल सिस्टीममध्ये ही सोय राहिली नाही, आणि २०२० च्या बिग सर या मॅकच्या आवृत्तीपासून टाइम मशीन एपीएफएस डिस्कवर स्नॅपशॉट, म्हणजे डिस्कची त्या क्षणाची गोठवलेली प्रत, घ्यायला लागलं.