ड्रायर घुमतो, पण फिरत नाही: कपॅसिटर गेला की ब्रेक अडकला?

सेमी-ऑटोमॅटिक मशीनची धुण्याची बाजू ठणठणीत चालते. पिळायचे कपडे ड्रायरमध्ये टाकून टायमर फिरवला, की नुसतं 'हूंऽऽ' होतं आणि टब जागचा हलत नाही. ऐन जुलैत, दोरीवरचे कपडे दोन-दोन दिवस ओले राहत असताना, ही तक्रार हमखास येते. या एकाच आवाजामागे दोन अगदी वेगळे बिघाड असतात. एकात कपॅसिटर, म्हणजे मोटरला सुरुवातीचा धक्का देणारा छोटा डबा, गेल्यामुळे मोटरला जोर मिळत नाही. दुसऱ्यात जोर मिळतो, पण ब्रेकने किंवा आणखी कशाने तरी तिला धरून ठेवलेलं असतं.

आधी एक गोष्ट. 'हूं' आवाज आला की टायमर लगेच शून्यावर आणा. अडकलेली मोटर नेहमीपेक्षा खूप जास्त करंट ओढते आणि तापते. 'थोडा वेळ राहू दे, धरेल गती' म्हणून सोडून दिली, तर वाइंडिंगमधला (मोटरच्या तांब्याच्या तारेच्या वेटोळ्यातला) थर्मल फ्यूज, म्हणजे जास्त तापल्यावर वीज तोडणारा फ्यूज, उडतो किंवा वाइंडिंगच जळतं, आणि किरकोळ काम मोटरवर जातं. टायमर फिरवूनही काहीच आवाज येत नसेल, तर तो प्रश्न वेगळा: झाकणाखालचा स्विच, टायमर, तुटलेली वायर किंवा हाच उडालेला फ्यूज.

दोघांमधला फरक हाताला कळतो, त्याला मीटर लागत नाही. प्लग काढा, पाणी सोडून द्या, मशीन भिंतीपासून पुढे ओढा आणि मागचं कव्हर खोला. ड्रायरच्या टबाखाली 3 स्प्रिंगांवर बसवलेली मोटर दिसेल. तिच्या शाफ्टवरची गोल चकती म्हणजे ब्रेक ड्रम. त्याला टेकणारी पट्टी हा ब्रेकचा लिव्हर, त्यावर रबरी लायनर असतो. लिव्हरपासून एक वायर वर झाकणाच्या बिजागरीपर्यंत जाते. झाकण बंद केलं की वायर ताणली जाते आणि लायनर ड्रमपासून सुटतो. झाकण उघडलं की वायर सैल पडते, स्प्रिंग लायनरला ड्रमवर दाबते आणि टब थांबतो.

आता झाकण बंद ठेवून, प्लग काढलेलाच असताना, तो ड्रम हाताने फिरवून पाहा. अलगद फिरला आणि सोडल्यावरही थोडा फिरत राहिला, तर अडवणारं काही नाही, संशय कपॅसिटरवर. घट्ट लागला, तर कपॅसिटरला हात लावू नका. आवाज ऐकल्या ऐकल्या आधी कपॅसिटर बदलायचा, ही सवय अनेकांना असते. बऱ्याच वेळा त्याचा काही दोष नसतो.

कपॅसिटर गेलेला पंखा काडीने ढकलला की फिरू लागतो, पण ती युक्ती इथे चालत नाही. झाकण उघडलं की स्विच वीज तोडतो आणि ब्रेकही लागतो. स्विच बोटाने दाबून टबाला हाताने धक्का देणारे लोक आहेत. मिनिटाला हजाराच्या वर फेरे घेणाऱ्या टबात हात म्हणजे मनगट गेलंच समजा.

कपॅसिटर एकदम जातो तसा हळूहळूही जातो. तेव्हा रिकामा टब फिरतो, हलके कपडे चालतात, पण दोन ओल्या जीन्स टाकल्या की मोटर नुसती घुमते. तपासताना आधी त्याची दोन्ही टोकं 230 व्होल्टच्या साध्या बल्बला क्षणभर लावून साठलेला चार्ज काढा, पेचकसाने ठिणगी पाडू नका. मग वायरी सोडवून मायक्रोफॅरड (कपॅसिटरच्या क्षमतेचं एकक) मोजणारा मीटर लावा. छापलेल्या आकड्यापेक्षा 10 टक्क्यांहून जास्त कमी भरला तर बदला. बऱ्याच मशीनमध्ये एकाच डब्यात दोन कपॅसिटर असतात, वर 10+5 किंवा 12+5 असं काही छापलेलं. मोठा आकडा धुण्याच्या मोटरचा, छोटा ड्रायरचा. त्यातला एकच भाग जाऊ शकतो. म्हणून 'वॉश चालतंय, म्हणजे कपॅसिटर चांगला' हे गणित चुकतं.

नवा घेताना तेच आकडे आणि 440 व्होल्टच घ्या. घरात 230 व्होल्ट असले तरी चालू मोटरमध्ये कपॅसिटरवर त्याहून जास्त व्होल्टेज येतं. पंख्याचा 2.5 मायक्रोफॅरडचा लावून काम भागत नाही, आणि 'जरा मोठा' लावला तर वाइंडिंग तापतं. वायरी काढण्याआधी फोटो काढून ठेवा. ड्रायरच्या वायरींची अदलाबदल झाली तर टब उलटा फिरतो. नव्या कपॅसिटरवरही मोटर घुमतच राहिली आणि ड्रम मोकळा असला, तर मोटरचं एक वाइंडिंग तुटलेलं असण्याची शक्यता मोठी. त्याची लक्षणं हुबेहूब मेलेल्या कपॅसिटरसारखीच.

खेड्यात, शेतीपंप चालू असताना व्होल्टेज उतरतं, तेव्हाही हाच आवाज येतो. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो: 230 ऐवजी 180 मिळाले तर जोर सुमारे 60 टक्केच उरतो. रात्री उशिरा ड्रायर नीट चालत असेल, तर काही बदलू नका.

ब्रेक अडकला की बहुधा नाक आधी सांगतं: जळक्या रबराचा वास, आणि टब फिरलाच तर कुरकुरत, मंद. मागून पाहताना कोणाला तरी झाकण उघड-बंद करायला सांगा आणि लिव्हरवर नजर ठेवा. झाकण बंद झाल्यावर लायनर आणि ड्रम यांच्यात जाड पुठ्ठा जाईल एवढी फट दिसायला हवी. लिव्हर हललाच नाही, तर वायर तुटली, निसटली किंवा बिजागरीचा प्लास्टिकचा दात मोडला. थोडा हलून थांबला, तर वायर ताणून लांबली किंवा लिव्हरची खीळ गंजली. कोकणच्या दमट हवेत हे सर्रास होतं. खिळीवर तेलाचा एखादा थेंब पुरे. लायनरवर तेल गेलं तर ब्रेक लागणारच नाही.

ब्रेकच्या वायरच्या टोकाला बहुतेक मशीनमध्ये ताण कमी-जास्त करायची सोय असते. थोडंथोडं ओढा. जास्त ओढली, तर झाकण उघडल्यावरही लायनर ड्रमला टेकत नाही आणि टब फिरतच राहतो. हा मूळ बिघाडापेक्षा धोकादायक.

लिव्हर नीट सुटतोय आणि तरी ड्रम घट्ट, तर ब्रेकही निर्दोष. फिरवताना एकाच जागी अडकत असेल, तर टब आणि बाहेरची भिंत यांच्यात पायमोजा किंवा रुमाल गेलाय. कपड्यांवर दाबायची जाळीची चकती न लावता ड्रायर चालवला की असं होतं. सगळीकडे सारखाच जड लागत असेल आणि मोटरवर तपकिरी ओघळ दिसत असतील, तर टबाखालचा, पाणी अडवणारा रबरी बेलो फाटून पाणी बेअरिंगपर्यंत पोचलंय. अशा वेळी बेलो न बदलता नुसती मोटर बदलली, तर नवीही गंजते.

कव्हर लावण्याआधी तळाकडे एकदा पाहा. मशीन खालून उघडं असेल तर उंदीर तिथूनच शिरतात आणि कपॅसिटरच्या वायरी कुरतडतात. जाळी लावा, पण मोटरला हवा लागेल एवढी मोकळी ठेवा. मग कव्हर बसवा, रिकामा टब अर्धा मिनिट फिरवा आणि झाकण उघडा. टब काही सेकंदांत थांबला नाही, तर ब्रेकची वायर पुन्हा थोडी सैल करा.