गेमिंग लॅपटॉप तापतोय की कोलमडतोय? दुकानात आणण्याआधी एवढं वाचा (आणि चार्जर सोबत आणा)

एप्रिल लागला की आमचा फोन वाजायला लागतो. "काका, टेंपरेचर पंच्याण्णव दाखवतंय, प्रोसेसर उडाला का?" असं विचारणाऱ्यांचे लॅपटॉप बहुतेक वेळा ठणठणीत असतात. आणि ज्यांच्या लॅपटॉपला खरंच काही झालेलं असतं, ते आरामात सांगतात, "तापत वगैरे नाही हो, फक्त गेम मध्येच बंद होतो." काउंटरवर उभं राहून हे दरवेळी समजावण्यात तुमचाही वेळ जातो आणि मागे रांगेत असलेल्यांचाही, म्हणून हे पत्रक छापलं. आय९ किंवा रायझन ९ असे वरच्या श्रेणीचे प्रोसेसर असलेल्या जाडजूड लॅपटॉपबद्दल हे आहे. ऑफिसचा साधा लॅपटॉप असेल तर धूळ आणि पेस्टबद्दलचा (चिपवर लावायच्या, उष्णता वाहून नेणाऱ्या लेपाबद्दलचा) भाग वाचला तरी पुरे.

पंच्याण्णव अंश म्हणजे बिघाड नव्हे

इंटेलचा कोअर आय९-१४९००एचएक्स घ्या. २४ कोअर (चिपमधले हिशेब करणारे स्वतंत्र भाग), मूळ वीजवापर ५५ वॉट, आणि जोर लावला की काही काळ १५७ वॉटपर्यंत. तापमानाची मर्यादा १०० अंश सेल्सिअस. एएमडीच्या रायझन ९ ७९४५एचएक्सचीही मर्यादा १००च आहे, आणि नव्या कोअर अल्ट्रा ९ २७५एचएक्सची तर १०५. हे प्रोसेसर बनवलेच असे आहेत की मर्यादेपर्यंत जागा दिसली की वेग वाढवत राहायचं, आणि मर्यादा आली की वेग थोडा उतरवायचा. त्यामुळे जड गेममध्ये ९०-९५ दिसणं म्हणजे प्रोसेसर त्याचं नेमून दिलेलं काम करतोय. शिवाय स्क्रीनच्या कोपऱ्यात जो आकडा दिसतो तो बहुधा सगळ्यात गरम कोअरचा असतो, सरासरी नव्हे.

त्यात बहुतेक मॉडेलमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप यांच्या तांब्याच्या नळ्या एकच असतात. आरटीएक्स ४०९० लॅपटॉप चिप एकटी १७५ वॉटपर्यंत जाते. दोन बोटं जाडीच्या डब्यातून एवढी उष्णता बाहेर काढायची, तीही खोलीतल्याच हवेने. ही हवा जानेवारीत २० अंश असते, आणि मे महिन्यात इंदूरच्या सुदामा नगरातल्या वरच्या मजल्यावर, गच्चीखालच्या खोलीत, दुपारी ३८. खोली जितकी चढली, साधारण तितकाच आतला आकडाही चढतो. जो लॅपटॉप थंडीत ८० दाखवत होता तो आता ९६ दाखवतोय, यात आम्ही दुरुस्त करण्यासारखं काही नाही.

काळजीची लक्षणं वेगळी आहेत. नुसतं ब्राउझर उघडं असताना ८०. सगळ्या कोअरमध्ये एखादीच बाकीच्यांपेक्षा पंधरा-वीस अंश वर. पंखे जीव तोडून ओरडताहेत, पण मागच्या जाळीशी हात धरला तर गरम झोत लागत नाही. किंवा गेम चालू असताना वेग मूळ वेगाच्याही खाली येतो. १४९००एचएक्सच्या मोठ्या कोअरसाठी तो २.२ गिगाहर्ट्‌झ आहे. यातलं काही दिसलं तर जरूर आणा, आणि लवकर आणा.

कोलमडणं हा वेगळा आजार

गेम सुरू होताना शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्रॅम) तयार होत असतात तेव्हाच खेळ बंद पडणं, मोठी झिप फाइल उघडताना ती खराब असल्याचा संदेश येणं (आणि तीच फाइल दुसऱ्या मशिनवर नीट उघडणं), निळ्या पडद्यावर 'व्हिया अनकरेक्टेबल एरर' किंवा 'क्लॉक वॉचडॉग टाइमआउट' येणं. सगळ्यात फसवा संदेश म्हणजे 'आउट ऑफ व्हिडिओ मेमरी'. सोळा जीबीचं ग्राफिक्स कार्ड असलेला माणूस तो वाचून ग्राफिक्स बदलायला येतो, आणि दोष निघतो प्रोसेसरच्या हिशेबात.

डेस्कटॉपमध्ये हे प्रकरण गाजलं ते तुम्ही ऐकलं असेलच. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीचे १३९००के, १४९००के आणि त्यांचे भाऊबंद अस्थिर होत होते. जुलै २०२४ मध्ये इंटेलने सांगितलं की मायक्रोकोडमधल्या (चिपच्या आतल्या सूचनांमधल्या) चुकीमुळे प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता. ऑगस्टमध्ये ०एक्स१२९ आणि सप्टेंबरमध्ये ०एक्स१२बी हे सुधारित मायक्रोकोड आले, आणि त्या प्रोसेसरांची वॉरंटी तीनाची पाच वर्षं झाली. मात्र जी चिप आधीच झिजली ती नव्या मायक्रोकोडने बरी होत नाही, बदलावीच लागते.

आता लॅपटॉपवाल्यांसाठी. त्याच पिढ्यांचे लॅपटॉपमधले एचएक्स प्रोसेसर डेस्कटॉपच्याच सिलिकॉनवर बनलेले आहेत, म्हणून "माझ्यातही तोच रोग" असं लोक गृहीत धरून येतात. इंटेलचं म्हणणं असं की लॅपटॉपच्या चिपांना ही विशिष्ट व्होल्टेजची अडचण नाही. आमच्या बाकावर येणाऱ्या कोलमडणाऱ्या लॅपटॉपमध्येही आधी इतर कारणंच सापडतात: नंतर टाकलेली न जुळणारी रॅम, अर्धवट बसलेला ग्राफिक्स ड्रायव्हर, तापलेली एसएसडी, आणि व्हिडिओ बघून घरी केलेलं अंडरव्होल्टिंग (चिपचं व्होल्टेज मुद्दाम कमी करणं). शेवटच्याची गंमत अशी की ते केलेलं असतं ताप कमी करायला. ताप उतरतोही, पण चिपला पुरेसं व्होल्टेज मिळालं नाही की ती गणितात चुकते, आणि तेही कित्येकदा जड गेममध्ये नव्हे, तर साधं यूट्यूब बघताना. मग "गेम तर मस्त चालतो, प्रोसेसर कसा बिघडेल?" असा वाद आमच्याशी.

आणखी एक. डेस्कटॉपचा प्रोसेसर सॉकेटमधून काढून दुसरा बसवता येतो. लॅपटॉपचा बोर्डावर सोल्डर केलेला असतो. दोष खरंच चिपमध्ये निघाला तर पूर्ण मदरबोर्डचा खर्च येतो, आणि वाढीव वॉरंटीही डेस्कटॉप प्रोसेसरांची होती. लॅपटॉपसाठी तुम्हाला लॅपटॉपच्या कंपनीकडेच जावं लागतं. त्यामुळे "चिप गेली" हे वाक्य आम्ही शेवटी उच्चारतो. आम्ही तपासणीला वेळ लावतो तो याचसाठी.

चार्जर, चार्जर, चार्जर

आता ज्याच्यासाठी हे पत्रक खरं तर लिहिलं ते. लॅपटॉप त्याच्या स्वतःच्या, मूळ चार्जरसह आणा.

विचित्र वाटेल, पण आमचे सगळ्यात जास्त दिवस यातच वाया जातात. लॅपटॉप बॅगेत येतो, चार्जर घरी पलंगामागे सॉकेटला लटकत राहतो. कारण तो विटेएवढा असतो, जड असतो, आणि "तुमच्याकडे असेलच ना एखादा."

असतो. पण उपयोग होत नाही. गेमिंग लॅपटॉप बॅटरीवर पूर्ण ताकद लावतच नाही. बॅटरी तेवढी वीज एकदम देऊ शकत नाही, म्हणून प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोघांबाबतही तो हात आखडता घेतो. टाइप-सी लावलं तर बहुतेक मॉडेल १०० वॉट घेतात, काही १४०. तुमचा मूळ चार्जर २४०, २८० किंवा ३३० वॉटचा आहे. म्हणजे जी चाचणी आम्हाला हवी आहे तिच्या अर्ध्या रस्त्यावरच लॅपटॉप थांबतो. तापमान ७० दाखवतो, चार तास शहाण्यासारखा चालतो. आम्ही तुम्हाला "काही सापडलं नाही" म्हणून परत देतो. तुम्ही घरी जाऊन मूळ चार्जर लावता, गेम सुरू करता, दहाव्या मिनिटाला बंद. मग फोन, आणि आवाजात ती नाराजी की आम्ही बघितलंच नाही.

तेवढ्याच वॉटचा दुसरा चार्जर लावून का बघत नाही? कारण काही कंपन्यांचे लॅपटॉप चार्जरची ओळख तपासतात. पिनेतून ओळखीचा संकेत आला नाही की ते प्रोसेसरचा वेग अगदी तळाला नेऊन ठेवतात, कित्येकदा एक गिगाहर्ट्‌झच्याही खाली. आणि हेच कधीकधी मूळ आजाराचंही उत्तर निघतं. मूळ चार्जर कुत्र्याने चावला, म्हणून जेल रोडवरून 'तसाच' घेतला. तेव्हापासून लॅपटॉप मंद आहे. ग्राहक म्हणतो प्रोसेसर तापून मंद झाला. प्रोसेसरला काहीही झालेलं नसतं. पण तो चार्जर आमच्या टेबलावर आलाच नाही, तर हे आम्हाला कळणार कसं?

जे स्वतः पुण्याला किंवा बंगळुरूला असतात आणि सुट्टीत आणलेला लॅपटॉप वडिलांच्या हाती पाठवतात, त्यांना जास्तीची विनंती. काका येतात, खुर्चीत बसतात आणि सांगतात, "तो म्हणाला गरम होतो, बाकी मला विचारू नका." त्यांची काही चूक नाही. एका कागदावर लिहून द्या: कोणता गेम, किती वेळाने, बंद पडतो की अडखळतो की निळा पडदा येतो, चार्जर लावलेला असतो का. पडद्याचा फोटो असेल तर व्हॉट्‌सअ‍ॅप करा. आणि पासवर्ड. पासवर्डशिवाय लॅपटॉप ठेवून गेलात तर तो तसाच बंद पडून राहतो.

फॉरमॅट करून आणू नका, हेही इथेच सांगतो. विंडोज प्रत्येक बंद पडण्याची नोंद ठेवतं. 'कर्नल-पॉवर ४१' एवढीच नोंद असेल तर त्याचा अर्थ फक्त इतका की मशिन अचानक बंद झालं. पण तिच्या आगेमागे 'व्हिया-लॉगर'च्या (हार्डवेअरच्या चुका टिपणाऱ्या) नोंदी असतील तर आमचं अर्धं काम झालं. "सगळं साफ करून आणलंय, तुम्हाला सोपं जाईल" असं म्हणून आणलेल्या लॅपटॉपवर आम्हाला मुळापासून सुरुवात करावी लागते. डेटाची प्रत मात्र घेऊन ठेवा.

धूळ, पेस्ट आणि लिक्विड मेटल

इंदूर स्वच्छतेत वर्षानुवर्षं देशात पहिलं आलं, पण लॅपटॉपच्या पंख्याला अजून ते प्रमाणपत्र मिळालेलं नाही. तळाचं झाकण उघडलं की पाती वरवर स्वच्छ दिसतात, आणि तेवढं बघून लोक झाकण लावून टाकतात. धूळ असते ती पंखा आणि तांब्याच्या बारीक पट्ट्यांच्या मधे. पंखा स्क्रू काढून बाजूला केला की तिथे करड्या नमद्यासारखा थर निघतो: गादीचा कापूस, केस, पांघरुणाचे धागे. चिमट्याने धरला तर एका तुकड्यात सुटून येतो. गॅरेजच्या कंप्रेसरने बाहेरून हवा मारून हा थर निघत नाही, उलट आत घट्ट बसतो. त्या हवेत पाण्याचा अंश असतो तो वेगळाच. घरी ब्लोअर वापरायचाच असेल तर पंखा बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो भलत्या वेगाने फिरून बेअरिंग जातं.

उन्हाळ्यात लॅपटॉप कूलरसमोर ठेवणाऱ्यांनीही सावध राहा. झोत गार लागतो खरा, पण ओलसर असतो, धूळ पट्ट्यांना चिकटवतो, आणि कूलरमध्ये बोअरिंगचं पाणी असेल तर उडालेल्या तुषारांमागे क्षार राहतात.

पेस्ट "बसल्या बसल्या बदलून द्या" ही मागणी आम्ही नाकारतो, याचा काहींना राग येतो. उघडी प्रोसेसर चिप तापते-निवते तशी साधी पातळ पेस्ट हळूहळू कडांकडे ढकलली जाते, आणि तीच एखादी कोअर पुन्हा वर जायला लागते. म्हणून आम्ही या लॅपटॉपांना हनीवेलचं पीटीएम ७९५० (पेस्टऐवजी लावायची पातळ पट्टी) वापरतो. खोलीच्या तापमानाला ते घट्ट असतं, साधारण ४५ अंशांना मऊ होऊन पसरतं. काही वेळा तापवून-निववून मगच त्याचा खरा परिणाम दिसतो, म्हणून लॅपटॉप रात्रभर आमच्याकडे लागतो. पेस्टपेक्षा महाग पडतं, पण वर्षभरात पुन्हा यावं लागत नाही.

तुमच्या मॉडेलमध्ये कारखान्यातूनच लिक्विड मेटल (पेस्टऐवजी घातलेला द्रव धातू) असेल तर कृपया घरी उघडू नका. ते वीज वाहून नेतं, थेंब शेजारच्या सुट्या भागांवर गेला तर बोर्ड जातो, आणि अ‍ॅल्युमिनियमला ते खातं. त्यावरच साधी पेस्ट लावून आणलेले लॅपटॉप आम्ही घेतो, पण जोखमीच्या कागदावर सही घेऊन. वॉरंटीतला लॅपटॉप आम्ही आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला पाठवतो, जरी त्यात आमचं गिऱ्हाईक जातं.

घरी करून बघण्यासारखं

विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये 'मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट' १०० वरून ९९ करा. टर्बो (मूळ वेगाच्या वरचा जादा वेग) बंद होतो आणि आकडा झपकन उतरतो. जे गेम ग्राफिक्सवर चालतात त्यांत फ्रेम थोड्याच जातात. हे करून कोलमडणंही थांबलं तर आम्हाला नक्की सांगा, कारण मग संशय चढ्या वेगावरच्या प्रोसेसरकडे किंवा त्याच्या व्होल्टेजकडे जातो. अंडरव्होल्टिंग केलं असेल तर काढून टाका आणि मग पुन्हा खेळून बघा. बायॉस (लॅपटॉप सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट फक्त लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून करा, चार्जर लावून. गादीवर ठेवून खेळू नका. मागची बाजू बोटभर उचलली तरी फरक पडतो, त्याला अडीच हजारांचं कूलिंग पॅड लागत नाही. (आमच्याकडे मिळतं, पण आधी दोन पुस्तकं लावून बघा.)

दर आणि वेळ

तपासणीचे ५०० रुपये, दुरुस्ती आमच्याकडे केलीत तर ते बिलातून वजा. तपासणीला दोन दिवस लागतात, कारण मशिन पूर्ण ताकदीवर तासन्‌तास चालवून आणि रात्री मेमरी तपासून बघतो. लॅपटॉपसोबत चाचणीचा तापमान-आलेख छापून देतो. साफसफाई आणि पीटीएम दोन्ही मिळून किती, ते मॉडेल बघून आधीच सांगतो. फक्त साफसफाई-पीटीएमसाठी फेब्रुवारी-मार्चमध्ये आणलात तर दुसऱ्या दिवशी मिळतो. मे महिन्यात आठवडा धरा. सोमवारी दुकान बंद. चार्जरशिवाय आलेला लॅपटॉप आता ठेवून घेत नाही, फोन करून घरून मागवा, तोवर बसायला खुर्ची आहे.