स्की बोटीला दोर अडकवण्याची जोडणी

मोटरबोटीच्या मागं स्कीवाला, वेकबोर्डवाला (दोन्ही पाय एकाच रुंद फळीवर ठेवून उभा राहणारा) किंवा हवा भरलेली ट्यूब ओढायची तर ओढणारा दोर बोटीवर ज्या जागी आणि ज्या साहित्यानं अडकवतात, त्या सगळ्याला मिळून टो जोडणी म्हणतात. वरवर बघितलं तर एक कडी आणि एक दोर एवढंच दिसतं, म्हणून बोट घेताना लोक इंजिन किती हॉर्सपॉवरचं, सीटा कशा, म्युझिक सिस्टीम कुठली हे सगळं विचारतात आणि कडीकडं बघतही नाहीत. पण वळणावर बोट ड्रायव्हरचं ऐकणार की मागच्या माणसाच्या ओढीचं, दोर इंजिनच्या पंख्यात जाणार की नाही, झटका बसला तर कडी जागेवर राहणार की फायबरचा तुकडा घेऊन उडणार, हे त्या कडीवरच ठरतं.

वॉटर स्कीइंगची सुरुवात १९२२ साली अमेरिकेत मिनेसोटातल्या लेक पेपिनवर राल्फ सॅम्युएलसन यानं केली असं मानतात. पुढं १९६१ मध्ये करेक्ट क्राफ्ट कंपनीची स्की नॉटिक आली, १९६८ मध्ये मास्टरक्राफ्ट सुरू झाली, आणि फक्त ओढण्यासाठी बनवलेल्या बोटी हा वेगळाच प्रकार झाला. या बोटींत दोर मागं नाही तर बोटीच्या मधोमध उभ्या केलेल्या एका ठेंगण्या जाड खांबाला अडकवतात, त्याला पायलॉन म्हणतात.

मधोमध का, तर बोट वळते तेव्हा ती स्वतःच्या साधारण मधल्या-पुढच्या भागातल्या एका बिंदूभोवती फिरते आणि मागचा भाग बाहेरच्या बाजूला सरकतो. आता दोर अगदी मागच्या टोकाला बांधला आणि स्कीवाला जोरात उजवीकडं गेला की तो बोटीचं मागचं टोकच उजवीकडं ओढतो, मग नाक डावीकडं जातं आणि ड्रायव्हर सगळा वेळ स्टिअरिंगशी झगडत बसतो. तोच दोर फिरण्याच्या बिंदूजवळ असेल तर स्कीवाल्यानं कितीही हिसके दिले तरी बोटीचं तोंड फार हलत नाही. स्लालम स्पर्धेत, म्हणजे दोन्ही बाजूंच्या बोयांना (पाण्यावर तरंगणाऱ्या खुणांना) वळसे घालत जायच्या स्पर्धेत, तर याशिवाय चालतच नाही, कारण तिथं बोया बोटीच्या मार्गाच्या मध्यापासून ११.५ मीटर लांब असतात आणि दोर १८.२५ मीटरपासून सुरू करून १६, १४.२५, १३, १२, ११.२५ असा कमी कमी करत नेतात. म्हणजे शेवटी दोर बोयाच्या अंतरापेक्षाही आखूड, स्कीवाला अंग पसरून उरलेलं अंतर भरून काढतो आणि त्याची ओढ जवळजवळ आडवी बोटीच्या बाजूला लागते, तीही बोट ताशी ५५-५८ किलोमीटरनं जात असताना.

घरच्या मौजेच्या बोटीत मात्र पायलॉन बहुतेक वेळा नसतो. तिथं मागच्या उभ्या फळीवर, म्हणजे ट्रान्समवर, दोन बाजूंना दोन कड्या किंवा मधोमध एक कडी असते. इंजिन आत असेल तर मधली एक कडी बेस्ट, काही भानगडच नाही. पण आपल्याकडं कोकणात दिसतात त्या बहुतेक बोटी फायबरच्या आणि मागं आउटबोर्ड इंजिन लावलेल्या, आणि तिथं मधोमध इंजिनच बसलेलं असतं, दोर सरळ मागं न्यायला जागाच नाही. त्यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे ब्रायडल, दोन्ही कड्यांना बांधलेला व्ही आकाराचा दोर जो इंजिनच्या मागून फिरतो आणि त्याला मुख्य दोर जोडतात. दुसरा म्हणजे इंजिनच्या वरून किंवा पुढून जाणारी पाइपची कमान किंवा खांब, ज्याच्यावर दोर इंजिनच्या टोपणाला न घासता फिरतो.

ब्रायडल स्वस्त आणि पाच मिनिटांत लागतं म्हणून तेच जास्त चालतं, पण ते घेताना तीन गोष्टी बघाव्यात. पहिली, मध्ये पुली आहे का. पुली असेल तर ओढणारा ज्या बाजूला जाईल तिकडं ती सरकते आणि ताण दोन्ही कड्यांवर वाटला जातो. पुली नसलेलं, मध्ये पक्की गाठवलेलं ब्रायडल असेल तर वळणावर जवळजवळ सगळा भार एकाच कडीवर येतो. दुसरी, दोन पायांमधला कोन. हे गणित कोल्हापुरातल्या उद्यमनगरच्या कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याला तोंडपाठ असतं, कारण जड जॉब चेनला टांगताना हेच बघावं लागतं: दोन पायांत ६० अंशाचा कोन असेल तर प्रत्येक पायावर एकूण ओढीच्या ५८ टक्के भार येतो, ९० अंशाला ७१ टक्के, आणि १२० अंशाला प्रत्येक पायावर पूर्णच्या पूर्ण ओढ. म्हणजे इंजिनला चिकटून आखूड ब्रायडल बांधलं तर दोन कड्या असूनही फायदा शून्य. तिसरी गोष्ट याच्या बरोबर उलटी, लांबी फार वाढवली तर दोर सैल पडल्यावर तो पंख्यापर्यंत पोचतो. म्हणून ब्रायडलला फ्लोट असतो आणि दोर पॉलिप्रॉपिलीनचा असतो, तो पाण्यावर तरंगतो, नायलॉन बुडतो. तरीसुद्धा रिव्हर्स टाकला की तरंगता दोरही पंखा आत ओढतो, त्यामुळं रिव्हर्स टाकायच्या आधी दोर बोटीत ओढून घ्यायचा आणि माणूस पाण्यातून वर येत असेल तेव्हा इंजिन बंदच हवं, न्यूट्रल नव्हे.

आता उंचीचा विषय, आणि सगळ्यात जास्त चुका इथंच होतात. १९९० च्या दशकात वेकबोर्डिंग वाढलं आणि उंच पायलॉन, टॉवर (बोटीवर उभी केलेली पाइपची उंच कमान) असे प्रकार आले. ओढ वरून लागली की वेकबोर्डवाल्याला लाटेवरून उडी मारायला आधार मिळतो आणि उतरताना दोर सैल पडत नाही, म्हणून टॉवर. पण टॉवर हा एका माणसासाठी बनवलेला असतो. त्याला ट्यूब बांधायची नाही, कधीच नाही. उसाचा लोड ओढताना ट्रॅक्टरला साखळी खालच्या ड्रॉबारऐवजी वर बांधली तर पुढची चाकं कशी उचलली जातात हे आपल्याकडं शेतात सगळ्यांना माहीत असतं, बोटीलाही तेच लागू, फरक एवढाच की ट्यूबची ओढ बाजूनं आली तर बोट त्या बाजूला कलते आणि कलणं मागं उलटण्यापेक्षा फार लवकर होतं. त्यात ट्यूबचं नाक पाण्यात घुसलं की तीनचार माणसांचं वजन अधिक पाण्याचा विरोध असा झटका एकदम येतो, टॉवरचे बोल्ट त्या झटक्यासाठी नसतात. ट्यूबसाठी जोडणी खालीच हवी, ट्रान्समच्या कडीला.

दोराचंही तसंच, ट्यूबला ट्यूबचा दोर. अमेरिकेतल्या वॉटर स्पोर्ट्स इंडस्ट्री असोसिएशनच्या मापानुसार एका माणसाच्या ट्यूबला किमान १५०० पौंड म्हणजे साधारण ६८० किलोला तुटणारा दोर लागतो, दोघांना २३७५ पौंड, तिघांना ३३५०, चौघांना ४१००, म्हणजे सुमारे १८६० किलो. ट्यूबच्या दोराची लांबी ५० ते ६५ फूट. स्कीचा नेहमीचा दोर ७५ फुटांच्या आसपास. दोराला गाठ मारली की त्याची ताकद जवळजवळ निम्म्यावर येऊ शकते, म्हणून टोकाला विणून केलेला फासाच वापरावा आणि तोच कडीत ओवून अडकवावा. स्टीलचा हुक मध्ये घातलाच तर एवढं लक्षात ठेवावं की दोर तुटला की ताणलेल्या दोराबरोबर तो हुक बोटीकडं किंवा ट्यूबवरच्या माणसाकडं उडत येतो. म्हणून दोराच्या रेषेत बोटीच्या मागच्या सीटवर कुणाला बसवू नये, लहान पोरांना तर अजिबात नाही.

वेकसर्फिंगला, म्हणजे बोटीमागच्या लाटेवर सर्फिंग करायला, दोर अगदी आखूड, २० ते २५ फूट, आणि ते फक्त पंखा बोटीच्या पोटाखाली असलेल्या बोटीमागंच करतात, आउटबोर्डमागं करायचा विषयच नाही. ट्रिक स्कीइंगमध्ये पाय दोरात अडकवून करायचे प्रकार असतात, तिथं पायलॉनवर क्विक रिलीज, म्हणजे पिन ओढली की दोर सुटेल अशी जोडणी, लावतात आणि एक माणूस फक्त ती पिन धरून बसलेला असतो, स्कीवाला पडला की त्याच क्षणी दोर सोडायचा.

कडी बसवण्याबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं कारण जुन्या बोटीला नंतर कडी लावून घेण्याचं काम कोल्हापूरसारख्या ठिकाणी सहज होतं, शिरोली आणि गोकुळ शिरगावला स्टीलचं काम करणाऱ्यांची कमी नाही. पण लोखंडाचं काम आणि फायबरचं काम यात फरक आहे. कडी कितीही जाड केली तरी तिच्या बोल्टमागं फायबरची फळी एवढीशी, नटखाली नुसता वॉशर टाकला तर ओढीनं तो फायबरमध्ये रुतत जातो आणि एक दिवस आरपार निघतो. म्हणून आतून प्लेट लागतेच, रुंद, ॲल्युमिनियमची किंवा स्टीलची, कडा घासून गोल केलेल्या, म्हणजे ताण मोठ्या जागेवर पसरतो. ट्रान्समच्या आत बहुतेक वेळा प्लायवूड असतं, भोकातून पाणी आत गेलं की ते कुजतं आणि बाहेरून काही कळत नाही, त्यामुळं भोकात मरीन सीलंट भरायचं. स्टेनलेस स्टील गोड्या पाण्याला ३०४ ग्रेडचं चालतं, समुद्राच्या पाण्याला ३१६ ग्रेडचं घ्यावं. आणि ३१६ असलं तरी सीलंटखाली दडलेल्या बोल्टला खारं पाणी लागत राहिलं तर तो आतून खातच असतो, अधूनमधून काढून बघावा. दोर बांधायच्या खुंट्या, शिडी, रेलिंग यांना माणूस ओढायचा दोर कधी बांधू नये, त्या या कामासाठी नाहीत.

कोल्हापुरात स्की बोट चालवावी असं पाणी जवळपास नाही. रंकाळा फिरायचा, बसायचा, भेळ खायचा तलाव, तिथं मोटरबोट पळवणं बरं नाही. कळंब्याचं पाणी पिण्यासाठी, आणि राधानगरीचा लक्ष्मी तलाव अभयारण्यात. म्हणून इथली माणसं घाट उतरून मालवण-तारकर्लीला जातात नाहीतर कोयनेच्या पाण्यावर तापोळ्याला. तिथं बंपर राइडला, म्हणजे ओढल्या जाणाऱ्या ट्यूबवर, बसायच्या आधी लाइफ जॅकेट सगळेच बघतात, त्याबरोबर दोर बोटीला कुठं अडकवलाय तेवढंही बघावं: कडी ट्रान्समवर खाली आहे का, दोराला गाठी मारून जोड दिलाय का, आणि ड्रायव्हरशिवाय मागं बघणारा दुसरा माणूस बोटीत आहे का. शेवटचं नसेल तर बसू नये, ड्रायव्हर पुढं बघणार की मागं.

एक गोष्ट २०१९ आणि २०२१ च्या पुरामुळं इथं जोडावीशी वाटते. पंचगंगेच्या पुरात ओबीएम (आउटबोर्ड इंजिन) लावलेल्या बोटी गल्लोगल्ली फिरल्या, आणि बंद पडलेली बोट दुसऱ्या बोटीनं ओढून आणायची वेळ अशा पाण्यात येऊ शकते. स्कीची मधली कडी या कामाला वापरू नये. ती माणसाच्या ओढीसाठी असते, भरलेल्या बोटीच्या नाही. दोन्ही बाजूंच्या मागच्या मजबूत कड्यांना लांब पायांचं ब्रायडल बांधून, सावकाश, दोर सतत ताणलेला ठेवून ओढावी, आणि प्रवाहात वळताना ओढणाऱ्या बोटीचं मागचं टोक दोरानं अडकून पडतंय असं वाटलं तर दोर पटकन सोडता यावा, नाहीतर कापायला सुरा हाताशी असावा.