अ ख्रिसमस कॅरल

इंग्रज कादंबरीकार चार्ल्स डिकन्स (१८१२–७०) याची लघुकादंबरी. लंडनच्या चॅपमन अँड हॉल या संस्थेने जॉन लीचच्या चित्रांसह ती १९ डिसेंबर १८४३ रोजी प्रसिद्ध केली. सहा हजार प्रतींची पहिली आवृत्ती नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत संपली. प्रकरणांऐवजी तिच्यात पाच ‘स्टेव्ह’, म्हणजे गीताची कडवी आहेत. कद्रू पेढीवाला एबनीझर स्क्रूज, त्याचा सात वर्षांपूर्वी वारलेला भागीदार जेकब मार्ली याचे भूत आणि गत, चालू व येणाऱ्या नाताळांचे तीन आत्मे यांची ही कथा सुपरिचित आहे: हे आत्मे नाताळच्या रात्री स्क्रूजचे मन पालटवून त्याला उदार बनवतात.

तिच्या उगमाविषयी मात्र एकमत नाही. मार्च १८४३ मध्ये बालकामगारांच्या चौकशी आयोगाचा अहवाल वाचून डिकन्सने गरिबांच्या मुलांसाठी एक आवाहनपत्रिका काढायचे ठरवले होते. काही दिवसांतच त्याने तो बेत पुढे ढकलला आणि वर्षअखेरीस याहून वीसपट जोराचा घाव घालीन, असे आयोगाचे सदस्य साउथवुड स्मिथ यांना कळवले. सप्टेंबरात त्याने लंडनमधील फील्ड लेन येथील गरीब मुलांची शाळा पाहिली. ५ ऑक्टोबरला मँचेस्टरला भाषण दिले. त्याचा चरित्रकार जॉन फॉर्स्टर कथाकल्पनेचा जन्म मँचेस्टरच्या या मुक्कामात मानतो. पण त्याआधी, १८३६ च्या सुमारास, डिकन्सच्याच ‘पिकविक पेपर्स’ या कादंबरीत नाताळच्या रात्री भुतावळीने पालटवलेला एक तिरसट थडगेखोदू येऊन गेला होता. तेव्हा कथेचा सांगाडा जुना आणि तीतला संताप १८४३ चा, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते. अठराव्या शतकातील प्रसिद्ध कंजूष जॉन एल्विस हा स्क्रूजचा नमुना असावा, असे काही अभ्यासक म्हणतात. एडिंबरोतील एका थडग्यावरून हे नाव सुचल्याच्या आख्यायिकेला भक्कम आधार नाही.

१८३४ च्या सुधारित दरिद्री कायद्याने निराधारांची मदत मुख्यतः वर्कहाउसशी, म्हणजे कामाच्या बदल्यात त्यांना ठेवून घेणाऱ्या संस्थांशी, बांधून टाकली होती. वर्गणी मागायला आलेल्यांना ‘तुरुंग नाहीत का, वर्कहाउस नाहीत का?’ असे स्क्रूज विचारतो, आणि गरीब मेले तर जादा लोकसंख्या कमी होईल, असेही सुनावतो. या बोलण्यामागे, लोकसंख्या अन्नापेक्षा वेगाने वाढते, हा अर्थशास्त्रज्ञ माल्थसचा विचार उघड आहे. आठवड्याला १५ शिलिंग मिळवणारा त्याचा कारकून बॉब क्रॅचिट याच्या अपंग मुलाविषयी, टायनी टिमविषयी, स्क्रूज काकुळतीने विचारतो, तेव्हा दुसरा आत्मा तेच शब्द त्याला ऐकवतो. या आत्म्याच्या झग्याखालून अज्ञान हा मुलगा व दैन्य ही मुलगी बाहेर येतात. मुलापासून अधिक सावध राहा, असे तो बजावतो. कथेतील समाजटीका येथे सर्वांत तीव्र होते.

स्क्रूजच्या हृदयपालटाचे श्रेय बहुधा शेवटच्या आत्म्याला, म्हणजे मृत्यूच्या भीतीला दिले जाते. प्रत्यक्षात स्क्रूज पहिल्यांदा रडतो तो सुट्टीत शाळेत एकटा उरलेला आपला बाळपणीचा चेहरा पाहून. आणि लगेच, आदल्या रात्री दारातून हाकललेल्या गाणाऱ्या पोराला काही द्यायला हवे होते, असे त्याला वाटते. आठवणीतून अनुकंपेकडे जाणारी ही वाट भीतीच्या आधीची आहे. हा पालट टिकणारा नाही, असे अमेरिकन समीक्षक एडमंड विल्सनचे मत; इंग्रज लेखक जी. के. चेस्टरटनला मात्र स्क्रूज मुळातच आतून प्रेमळ वाटतो. ‘वेस्टमिन्स्टर रिव्ह्यू’ या नियतकालिकाने १८४४ मध्येच वेगळा आक्षेप घेतला होता: पालटलेल्या स्क्रूजकडून क्रॅचिटला टर्की मिळावी म्हणून कोणाला तिच्यावाचून राहावे लागले? एका मालकाच्या औदार्याने मजुरीचा प्रश्न सुटत नाही, हे खरेच. पण ज्यांना ‘जादा’ म्हटले जात होते त्यांना या कथेने चेहरा व नाव दिले, हे त्या आक्षेपात सुटून जाते.

जानेवारी १८४४ मधील चोरट्या आवृत्तीविरुद्धचा दावा डिकन्सने जिंकला, पण खर्च त्यालाच सोसावा लागला. डिसेंबर १८५३ मध्ये बर्मिंगहॅमच्या टाउन हॉलमध्ये त्याने या कथेचे जाहीर वाचन केले. एक वाचन कामगारांसाठी असावे, असा त्याचा आग्रह होता. हस्तलिखित न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयात आहे. टायनी टिम मेला नाही, हे सांगणारे शब्द त्यात नाहीत. ते छपाईच्या वेळी घातले गेले.