शॉकमधील द्रवोपचार

शॉकमधील द्रवोपचार : रक्ताभिसरण कोलमडलेल्या रुग्णाला शिरेवाटे झपाट्याने द्रव देऊन अवयवांचा रक्तपुरवठा सावरण्याची पद्धत. घरोघरी ज्याला ‘सलाईन लावणे’ म्हणतात, त्याचाच हा मोजून-मापून आणि वेगाने करायचा प्रकार. थोड्या वेळात दिलेल्या अशा एका मात्रेला ‘बोलस’ म्हणतात. मुलांमध्ये ती वजनावरून ठरते, बहुधा किलोमागे १० ते २० मिलि.; म्हणजे १० किलोच्या बाळाला १०० ते २०० मिलि.

हातपाय गार, नाडी जलद, लघवी कमी, पेशंट मलूल : शॉकचे हे चित्र बाहेरून सारखेच दिसते, कारणे मात्र वेगळी असतात. जुलाब-उलट्यांत शरीरातले पाणीच संपलेले असते. डेंगीत रक्तद्रव वाहिन्यांतून पाझरतो. सेप्सिसमध्ये, म्हणजे जंतुसंसर्गाने अवयव निकामी होऊ लागतात तेव्हा, वाहिन्या सैलावतात आणि पाझरतातही. कधी हृदयच थकलेले असते. पहिल्या प्रकारात सलाईन जीव वाचवते, शेवटच्या प्रकारात तेच फुफ्फुसात पाणी भरते. या विषयातले बहुतेक संशोधन याच पेचाभोवती फिरते.

उपचाराची सुरुवात कॉलऱ्यापासून झाली. कॉलऱ्याच्या रुग्णांच्या रक्तातले पाणी आणि क्षार घटलेले असतात, हे विल्यम ओशॉनेसी यांनी १८३१-३२ मध्ये दाखवले (हेच पुढे कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात शिकवीत आणि भारतातली तारयंत्रणाही त्यांनीच उभारली). १८३२ मध्ये स्कॉटलंडच्या थॉमस लाटा यांनी प्रत्यक्ष शिरेतून क्षारयुक्त पाणी दिले. कॉलऱ्यातले हे तर्कशास्त्र पुढे सेप्सिसलाही लागू धरले गेले, आणि गोंधळ तिथे झाला. विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत सेप्टिक शॉकच्या मुलाला पहिल्या तासात किलोमागे ६० मिलि. आणि गरज पडल्यास त्याहून अधिक द्रव द्यावे, अशी शिकवण रूढ झाली. निवासी डॉक्टर थ्री-वेला (सलाईनच्या नळीवरील तीन तोंडांच्या तोटीला) ५० मिलि.ची सिरिंज जोडून हाताने द्रव ढकलत.

या शिकवणीला सर्वांत मोठा धक्का दिला तो ‘फीस्ट’ चाचणीने. केनिया, युगांडा आणि टांझानियातील सहा रुग्णालयांत कॅथरिन मेटलँड आणि सहकाऱ्यांनी तीव्र ताप व मंदावलेले रक्ताभिसरण असलेल्या मुलांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडले. एका गटाला सलाईनचा बोलस, दुसऱ्याला अल्ब्युमिन या रक्तातील प्रथिनाच्या द्रावणाचा, तिसऱ्याला बोलसच नाही. प्रतिजैविके, मलेरियाची औषधे, ऑक्सिजन, लागल्यास रक्त हे सर्वांना मिळाले. जुलाबाची आणि तीव्र कुपोषित मुले चाचणीत नव्हती. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार चाचणीच्या मुख्य भागातील ३,१४१ मुलांपैकी ४८ तासांत बोलस मिळालेल्यांत सुमारे १०.५ टक्के, तर न मिळालेल्यांत ७.३ टक्के मुले दगावली. दर शंभर मुलांमागे तीन मृत्यू जास्त, तेही उपचारामुळे! चाचणी वेळेआधीच थांबवावी लागली. पुढील विश्लेषणात दिसले की जास्तीचे मृत्यू फुफ्फुसात पाणी भरून कमी आणि रक्ताभिसरण कोसळून अधिक झाले. या रुग्णालयांत व्हेंटिलेटरची सोय नव्हती, म्हणून हे निष्कर्ष पीआयसीयूला (मुलांच्या अतिदक्षता विभागाला) लागू नाहीत, असा आक्षेप घेतला गेला. तो अंशतः रास्त आहे; पण जगातली बहुसंख्य आजारी मुले अशाच वॉर्डांत असतात.

प्रौढांच्या सेप्सिसमध्येही चित्र बदलले. २००१ मध्ये डेट्रॉईटच्या एका रुग्णालयात सुरुवातीच्या आक्रमक उपचाराने मृत्यू घटले होते. २०१४-१५ मधील तीन मोठ्या चाचण्यांत तो फायदा दिसला नाही. झांबियात, प्रामुख्याने एचआयव्हीबाधित प्रौढांत, २०१७ च्या चाचणीत ठरावीक साच्यातल्या द्रवोपचाराने मृत्यू ३३ वरून ४८ टक्क्यांवर गेले. युरोपातील २०२२ च्या ‘क्लासिक’ चाचणीत आयसीयूमधील रुग्णांना द्रव हात राखून दिले काय नि नेहमीप्रमाणे दिले काय, मृत्यूंत फरक पडला नाही.

डेंगीचा शॉक याच्या उलट बाजूला. व्हिएतनाममधील ५१२ मुलांवरील २००५ च्या चाचणीत काळजीपूर्वक द्रवोपचाराने केवळ एक मूल दगावले, आणि मध्यम तीव्रतेच्या शॉकला साधे रिंगर लॅक्टेट (सलाईनसारखेच क्षारांचे द्रावण) पुरेसे ठरले. महाराष्ट्राला परिचित असलेल्या विंचूदंशाची गोष्ट आणखी निराळी. कोकणात लाल विंचू चावल्यावर हृदय थकून फुफ्फुसात पाणी होते. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात तिथे प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी परिणामकारक असल्याचे दाखवले. मोठ्या आयसीयूपासून दूर, तालुक्याच्या गावी उभे राहिलेले हे अतिदक्षता संशोधन या क्षेत्रातले अत्यंत मोलाचे काम मानावे लागेल.

२०२० च्या आंतरराष्ट्रीय बाल-सेप्सिस मार्गदर्शिकेने प्रथमच जागेनुसार सल्ला दिला : अतिदक्षतेची सोय असेल तर पहिल्या तासात किलोमागे ४० ते ६० मिलि.पर्यंत, मात्र थोडे-थोडे आणि तपासत. सोय नसेल आणि रक्तदाब टिकून असेल तर बोलस नको.

शिक्षणातही भर आता मात्रेच्या पाठांतराऐवजी फेरतपासणीवर आहे. बोट दाबून सोडल्यावर लाली किती सेकंदांत परतते, ही फुकटची चाचणी २०१९ मध्ये दक्षिण अमेरिकेतील ४२४ प्रौढांवरील अभ्यासात रक्तातील लॅक्टेट (पेशींना रक्तपुरवठा अपुरा पडला की वाढणारा घटक) मोजण्याच्या तोडीची ठरली. भारतात १९९३ मध्ये मुंबईत स्थापन झालेली इंडियन सोसायटी ऑफ क्रिटिकल केअर मेडिसिन या विषयाचे अभ्यासक्रम चालवते. बालरोग विभागात शिकाऊ डॉक्टरला प्रत्येक बोलसनंतर मुलाच्या उजव्या बरगडीखाली हात ठेवायला सांगतात. यकृताची कड खाली सरकलेली लागली, किंवा छातीत बारीक करकर ऐकू आली, की बोलस तिथेच थांबवून हृदयाला बळ देणारे औषध सुरू करतात.